आयटीआयनंतर काय? वऱ्हाडातल्या व्यवसाय शिक्षणाच्या अभ्यासाला प्रस्तावना

दहावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्याकडच्या घरांत पोराच्या पुढच्या आयुष्याचा फैसला दोन-चार दिवसांत होऊन जातो. टक्के चांगले पडले तर अकरावी सायन्स आणि अकोल्यात ‘नीट’चा क्लास. टक्के घसरले तर, ‘आयटीआयला टाकून द्या, निदान हाताला काम तरी लागेल.’ या वाक्यात काळजी असते, पण त्या पोराचा हात कशात चालतो याची विचारपूस क्वचितच असते. तो एकदा वर्कशॉपमध्ये गेला की त्याच्याबद्दलचं घराचं, शाळेचं आणि विद्यापीठाचंही कुतूहल संपतं. व्यवसाय शिक्षणाच्या अभ्यासाला तिथूनच सुरुवात होते. तो मुलगा किंवा ती मुलगी पुढे कुठवर गेली, कशामुळे गेली, आणि थांबली असेल तर नेमकी कुठे थांबली?

या विषयाकडे नव्यानं वळणाऱ्या प्रत्येकाचं इथं मनापासून स्वागत आहे. शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी, अर्थशास्त्राचे प्राध्यापक, आयटीआयचे निदेशक आणि मुलांचे आईवडील, सगळ्यांना पुरून उरेल एवढं काम इथं पडलेलं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. व्यवसाय शिक्षणातून नोकरी-धंद्यातलं यश मिळतं आणि पदवीपर्यंतची वाटही निघते. पण हे दोन्ही अभ्यासक्रमाच्या नावावर कमी आणि एका पायरीवरून दुसरीवर जाताना मुलाला कुणी हात देतं की नाही, यावर जास्त अवलंबून असतं. वऱ्हाडाचा इतिहास मला तरी हेच सांगतो.

आधी एक गैरसमज बाजूला सारू. हाताचं काम म्हणजे डोक्याला सुट्टी, असं मानणाऱ्यानं फिटर ट्रेडच्या पहिल्या वर्षाच्या मुलांजवळ एक सकाळ उभं राहावं. हातात लोखंडी पट्टीचा तुकडा असतो. आधी जाड कानशीनं, मग बारीक कानशीनं तो घासायचा, ट्रायस्क्वेअर लावून काटकोन तपासायचा. पुढे मेल-फिमेल फिटिंगचा जॉब येतो. एका तुकड्याची खाच आणि दुसऱ्याचं टोक एकमेकांत बसवून जोड उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला तर जॉब बसला नाही. मोजमाप व्हर्नियर कॅलिपरनं होतं. मुख्य पट्टीवरचे 49 मिलिमीटर सरकपट्टीवर 50 भागांत वाटलेले असतात, म्हणून सरकपट्टीचा एक भाग 0.98 मिलिमीटरचा. एकातून तो वजा केला की 0.02 मिलिमीटर उरतात, आणि तेवढा बारीक फरक हे साधन दाखवतं. दहावीच्या वर्गात अपूर्णांकांना घाबरणारा मुलगा हे गणित इथं दिवसातून अनेकदा करतो, कारण चुकलं तर जॉब वाया जातो. हे गणित त्याला येतं, पण आपल्याला गणित येतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पुढच्या अनेक अडचणींचं मूळ इथं आहे.

हाताच्या कामाला शिक्षणात जागा देण्याचा विचार महाराष्ट्रात नवा नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवलं, त्यात प्राथमिक शाळेत मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब यांच्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही मागितलं होतं. 1937 च्या ऑक्टोबरात वऱ्हाडाच्या शेजारी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमचा आराखडा पुढे आला. हस्तोद्योगातून सगळे विषय शिकवायचे, ही त्यातली मध्यवर्ती कल्पना. पण आपल्या अभ्यासासाठी सगळ्यांत मोलाचा प्रयोग अमरावतीतच झाला, आणि त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे.

डॉ. पंजाबराव देशमुख पापळच्या शेतकरी घरातले. विलायतेत शिकून आल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, आणि पुढे ते केंद्रात कृषिमंत्री झाले. शेतकऱ्याच्या पोराला आधी राहायला जागा, मग शाळा, मग कॉलेज, हा क्रम त्यांनी धरला. नुसती शाळा काढून भागत नाही, तिथवर पोचण्याची सोयही करावी लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. 1956 च्या सुमारास भारत सरकारनं ग्रामीण उच्च शिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला आणि देशभरात मोजक्या ‘रूरल इन्स्टिट्यूट’ सुरू झाल्या. श्रीनिकेतन, गांधीग्राम, कोल्हापूरकडचं गारगोटी यांच्या रांगेत अमरावतीचं नाव होतं. तीन वर्षांचा ग्रामसेवेचा डिप्लोमा, शेतीचे आणि ग्रामीण अभियांत्रिकीचे छोटे अभ्यासक्रम, गावात जाऊन प्रत्यक्ष काम, असा तो साचा होता. खेड्यातल्या मुलाला खेड्याच्या प्रश्नांवरच उच्च शिक्षण द्यावं, हा विचार तेव्हाही बरोबर होता आणि आजही बरोबर आहे.

मग अडलं कुठे? डिप्लोमा पदवीच्या तोडीचा मानला गेला, तरी पुढच्या प्रवेशाचा प्रश्न आला की विद्यापीठं कां-कूं करत. एम.ए.ला घेतील का, नोकरीच्या जाहिरातीत हे बसेल का, या शंकांनी विद्यार्थी बेजार झाले. त्यांची मागणी साधी होती, आम्हाला विद्यापीठाची पदवी द्या. पुढच्या काळात यातल्या बहुतेक संस्था विद्यापीठांच्या छत्राखाली गेल्या आणि त्यांचं वेगळेपण पुसट होत गेलं. काही जण याचा ठपका विद्यार्थ्यांच्या पदवीवेडावर ठेवतात. मला ते अन्यायाचं वाटतं. बाप शेत गहाण ठेवून शिकवत असेल तर मुलगा बंद गल्लीत शिरणार नाही, आणि त्यानं शिरूही नये. दोष वरचं दार किलकिलं ठेवणाऱ्यांचा होता.

अमरावतीतच उलट दिशेचं उदाहरणही आहे. 1914 साली वैद्य बंधूंनी सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ मुळात आखाडा. मल्लखांब, लाठी, कुस्ती ही तिथली विद्या. मंडळानं व्यायामशिक्षक घडवायला अभ्यासवर्ग काढले, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवायला पथक नेलं, आणि कालांतरानं शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय उभं केलं. आखाड्यातल्या मुलाला पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि शाळा-कॉलेजातली नोकरी अशी सलग वाट मिळाली. मल्लखांब तोच राहिला, पण त्याला वरच्या पायऱ्या जोडल्या गेल्या. रूरल इन्स्टिट्यूट आणि हे मंडळ, दोन्ही अमरावतीचीच. त्यांचा शेजारी शेजारी ठेवून अभ्यास व्हायला हवा. पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्यांनी हा जरूर मनावर घ्यावा.

आजच्या पायऱ्या कागदावर तरी व्यवस्थित आहेत. देशात कारागीर प्रशिक्षण योजना 1950 पासून आहे, शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा. दोन वर्षांचा आयटीआय झाला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमा झाला की इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. अमरावतीत शासकीय तंत्रनिकेतन 1955 पासून आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 पासून आहे. म्हणजे कानशीपासून पदवीपर्यंतची सगळी वाट एकाच शहरात चालून जाता येते. तरीही मुलं मधेच गळतात, आणि त्यातली बरीच दुसऱ्या वर्षाच्या गणितात गळतात. थेट प्रवेशानं पहिलं वर्ष वाचतं, पण पहिल्या वर्षात शिकवलेलं गणितही हुकतं. आयटीआयहून आलेल्या मुलापुढे एकदम कॅल्क्युलस येतं, तेही बहुधा इंग्रजीतून. डिप्लोमाहून इंजिनीअरिंगला गेलेल्याचं तेच होतं. वर्कशॉपमध्ये आणि ड्रॉइंगमध्ये तो वर्गात सगळ्यांच्या पुढे असतो आणि त्या एका पेपरात वर्षानुवर्षं अडकतो. प्रवेशाआधी दोन-तीन महिन्यांचा मराठीतून गणिताचा वर्ग घेतला तर यातली कितीतरी मुलं तरून जातील, असं माझं ठाम मत आहे.

जगभरच्या अभ्यासकांनी या प्रश्नावर बरंच लिहिलं आहे. त्यातले दोन निष्कर्ष नव्या वाचकानं सुरुवातीलाच समजून घ्यावेत. फिलिप फॉस्टर यांनी 1965 साली घानाच्या अनुभवावरून मांडलं की शाळेत शेती-सुतारकी शिकवली म्हणून मुलं शेती-सुतारकीकडे वळत नाहीत. चांगल्या पगाराच्या जागा कारकुनीत असतील तर पुस्तकी शिक्षण हेच त्यांच्या दृष्टीनं खरं व्यवसाय शिक्षण ठरतं. वऱ्हाडात तलाठी आणि पोलीस भरतीच्या मागे लागलेली मुलं पाहिली की हे पटतं. दुसरा निष्कर्ष एरिक हनुशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2017 मधला. त्यांनी 11 देशांची आकडेवारी तपासली. व्यवसाय शिक्षण घेतलेल्यांना सुरुवातीला काम लवकर मिळतं, पण तंत्र बदलत गेलं की उतारवयात त्यांचा हा फायदा ओसरतो, असं त्यांना आढळलं. याचा अर्थ व्यवसाय शिक्षण देऊ नये असा मी घेत नाही. चाळिशीतल्या वेल्डरला पुन्हा वर्गात येता आलं पाहिजे, असा घेतो.

आपल्या धोरणांनी आकडे मोठे धरले. कोठारी आयोगानं (1964-66), ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, दहावीनंतरची निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणात असावीत असं सुचवलं. 1986 च्या धोरणानं 1995 पर्यंत 25 टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं. पण पुढे 2020 च्या धोरणानंच मान्य केलं की 19 ते 24 वयाच्या कामकऱ्यांत औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले 5 टक्क्यांहून कमी असल्याचा बाराव्या पंचवार्षिक योजनेचा अंदाज होता.

आता कामाचं. वऱ्हाडात शिकलेला फिटर बहुधा वऱ्हाडात राहत नाही. पारसच्या वीज केंद्रात किंवा नांदगाव पेठच्या एमआयडीसीत काहींची सोय होते, बाकीचे चाकण, रांजणगाव, वाळूजची गाडी धरतात. त्यांचं करिअर होतं, पण त्यांच्या गावात पंप दुरुस्त करायला माणूस मिळत नाही. एकाच्या यशात गावाचं नुकसान दडलेलं असू शकतं, आणि अभ्यासकानं दोन्ही मोजायला हवं. नांदगाव पेठेत पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होत आहे, सप्टेंबर 2024 मध्ये त्याची पायाभरणी झाली. कापूस पिकवणाऱ्या घरातल्या मुलांना तिथं कोणत्या पायरीवर जागा मिळते, याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवली पाहिजे.

गावात राहून उभं राहण्याच्या वाटाही आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं घडवलेली मिनी दालमिल घ्या. तूर चाळायची, एमरीच्या रोलरवर फिरवून सालीला चरे पाडायचे, पाणी लावून उन्हात वाळवायची, मग पुन्हा फिरवली की साल सुटून डाळ फुटते. दाण्यात ओल जास्त राहिली तर साल निघत नाही, कमी पडली तर चुरा वाढतो. ही ओल ओळखणं हे शिक्षणच आहे. मेळघाटात लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्रात सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी कोरकू तरुणांबरोबर बांबूचं असंच शास्त्र उभं केलं. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेत या ज्ञानाला अजून जागा नाही. ती कशी द्यायची, हा पुढच्या पिढीच्या अभ्यासकांसाठीचा प्रश्न आहे.

मुलींबद्दलही सांगितलं पाहिजे. शिवणकाम आणि संगणक या दोन ट्रेडपलीकडे मुलीचा अर्ज भरताना घरचे आजही अडखळतात. आणि सुतार-लोहारांच्या घरातली जी विद्या पिढ्यान्‌पिढ्या होती, तिला अक्षरापासून दूर ठेवलं गेलं. व्यवसाय शिक्षणाला कमी लेखणाऱ्या नजरेत ती जुनी जातवार उतरंड अजून शिल्लक आहे, हे अभ्यासकानं विसरू नये.

वाचकाला माझी विनंती एकच. अमरावती किंवा अकोल्यातली एक आयटीआय निवडा, दहा-पंधरा वर्षांपूर्वीची एक बॅच घ्या, आणि त्यातल्या प्रत्येकाला भेटा. काय शिकला, कुठे लागला, पुढे शिकायला गेला का, कोणत्या पेपरात अडला, आज किती कमावतो, आपल्या मुलाला त्याच वाटेनं पाठवेल का, हे विचारा आणि मराठीतून लिहून ठेवा. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांतून असे पंचवीस-तीस अभ्यास झाले, तर दहावीच्या निकालाच्या दिवशी आईवडिलांना देता येईल असं खरं उत्तर आपल्या हाती येईल. त्या कामाला लागा.