खिशातलं गाणं नक्की कुणाचं?

परवा कपाट आवरताना जुना एमपीथ्री प्लेअर सापडला. पेन्सिल सेल घातला, तर चालू झाला की हो! पंधरा-सोळा वर्षांपूर्वी भरलेली गाणी जशीच्या तशी. त्याच संध्याकाळी मोबाइलच्या ॲपमध्ये आवडत्या यादीतलं एक गाणं लावायला गेलो, तर ते काढून टाकलेलं. कुणी, का, काही पत्ता नाही. महिन्याचे पैसे मात्र भरलेले.

म्हणून हा थोडा इतिहास.

१९७९ साली वॉकमन आला. कॅसेट आपली, म्हणून गाणं आपलं. पुढे जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी आणि सहकाऱ्यांनी एमपीथ्री तंत्र घडवलं. आवाजातलं जे कानाला एरवीही जाणवत नाही, ते गाळून टाकायचं. सीडीवर ४० एमबी खाणारं चार मिनिटांचं गाणं ४ एमबीत बसू लागलं.

१९९८ मध्ये कोरियाचा एमपीमॅन आला, त्याच वर्षी अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ. रिओची मेमरी किती? ३२ एमबी. जेमतेम आठ-दहा गाणी! पण तेवढ्यानेच रेकॉर्ड कंपन्यांच्या पोटात गोळा आला. त्यांची संघटना रिओ थांबवायला कोर्टात गेली आणि हरली. जून १९९९ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की, आपल्याकडची गाणी स्वतःसाठी प्लेअरवर घेणं कायद्याच्या हेतूला धरूनच आहे.

रस्ता मोकळा झाला. ऑक्टोबर २००१ मध्ये ॲपलचा आयपॉड आला, ५ जीबी, हजार गाणी. २००३ मध्ये त्यांनी ऑनलाइन दुकान काढलं, ९९ सेंटला एक गाणं. पण विकत घेतलेल्या गाण्याला डिजिटल कुलूप! किल्ली कंपनीकडे असली की काय होतं, ते २००८ मध्ये दिसलं. मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिकच्या गिऱ्हाइकांना कळवलं की, परवाने देणारे सर्व्हर आता बंद करणार. म्हणजे नवा कॉम्प्युटर घेतला, की पैसे मोजलेली गाणी मुकी. ओरड झाली, तेव्हा कुठे मुदत वाढवली. २००९ मध्ये ॲपलनेही गाण्यांवरचं कुलूप काढलं.

आपल्याकडे ॲपलचं ते दुकान उघडलं डिसेंबर २०१२ मध्ये. तोवर आपलं दुकान म्हणजे नाक्यावरचा मोबाइलवाला. "दादा, कार्ड भरून द्या, जुनी मराठी जास्त टाका." त्यातली बहुतेक गाणी चोरीची, गायक-संगीतकाराला दमडी नाही, हे कबूल करायलाच हवं. पण एकदा भरलेलं कार्ड कुणी दुरून रिकामं करू शकत नव्हतं.

मग डेटा स्वस्त झाला, ॲप आली. मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बंद केल्याचं जाहीर केलं. आज करोडो गाणी हाताशी आहेत आणि त्यातलं एकही आपलं नाही. कंपनीचा करार संपला, गाणं गेलं. आपण पैसे थांबवले, अख्खी यादी गेली. १९९९ मध्ये कोर्टात जिंकलेली गोष्ट आपण सोयीपायी हातानेच सोडून दिली.

भाड्याचं घर वाईट नसतं. पण आपण भाडेकरू आहोत, हे ठाऊक असावं. ॲप खुशाल वापरा. फक्त जिवाभावाची पन्नास-शंभर गाणी रीतसर विकत घेऊन स्वतःच्या कार्डावर ठेवा.

तुमच्या खणात पडलाय का असा एखादा प्लेअर? सेल घालून बघा. पहिलं गाणं कुठलं लागलं, ते कमेंटमध्ये नक्की सांगा.