मुरूम फोडल्यानंतर

मराठीत रस्त्यावर पसरतात तोही मुरूम आणि चेहऱ्यावर येतो तोही मुरूमच. ज्याने हे बारसे केले, त्याने सतरा वर्षांचा एखादा मुलगा फार जवळून पाहिला असावा. हाच मुरूम वर्तमानपत्रात गेला की ‘तारुण्यपीटिका’ होतो आणि उगीचच खानदानी वाटू लागतो. सुश्रुताने मात्र भीडभाड न ठेवता त्याला ‘मुखदूषिका’ म्हटले, सावरीच्या काट्याची उपमा दिली आणि वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप सांगितला. शिवाय वमनही सांगितले. म्हणजे तोंडावरचे जावे म्हणून पोटातले काढा!

मुरूम फोडू नये, हे सगळेच सांगतात. पण आरसा आणि एकांत एकत्र मिळाला की माणूस फोडतोच. खरा प्रश्न पुढचा आहे : फोडलात ना, आता काय?

इसवी सन 400 च्या सुमारास, रोमन सम्राट थिओडोसियसच्या दरबारी असलेल्या मार्सेलसने औषधांचा एक ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो, आकाशात तारा निखळताना दिसला की तो पडता पडता मुरूम फडक्याने पुसावेत. ताऱ्यासारखे तेही गळून पडतील. मात्र उघड्या हाताने पुसू नयेत, नाहीतर ते हातावर येतील. तारा सोडून द्या. पण ‘हात लावू नका’ हे त्या काळीही बरोबर होते! आमची आजी ज्योतिष न बघता हेच सांगायची. फक्त सांगताना हातावर चापटी मारायची.

सतराव्या शतकात युरोपने हात आवरण्याऐवजी डाग झाकायचे ठरवले. देवीचे व्रण आणि मुरूम यांवर काळ्या रेशमी कापडाच्या टिकल्या चिकटवायची फॅशन आली. 1660 मध्ये लंडनच्या सॅम्युएल पेप्सने बायकोला अशी टिकली लावायची परवानगी दिली आणि ती सुंदर दिसते, अशी डायरीत नोंदही केली. (बायकोला सांगितले की नाही, कोण जाणे.) पुढे 1711 मध्ये ॲडिसनने लिहिले की व्हिग पक्षाच्या बायका कपाळाच्या उजव्या बाजूला टिकल्या लावतात आणि टोरी पक्षाच्या डाव्या. मुरूम चुकीच्या बाजूला आला तर पक्षांतर करावे लागत असेल!

इथवर हसण्यासारखे आहे. पण 1915 मध्ये रशियन संगीतकार स्क्रियाबिन वयाच्या 43 व्या वर्षी वारला, तो वरच्या ओठावरच्या एका पुळीतून रक्तात विष भिनल्याने. नाक आणि ओठांच्या भागातल्या शिरांचा मेंदूजवळच्या शिरांशी संबंध असतो आणि तेव्हा पेनिसिलीन नव्हते. आज असे क्वचितच होते. तरी तिथली पुळी सुजली, ताप आला, तर घरचा वैद्य बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

‘जखम उघडी ठेव, वाऱ्याने सुकू दे’ हा आपला परंपरागत मंत्र. 1962 मध्ये जॉर्ज विंटरने डुकरांच्या कातडीवरच्या जखमा पॉलिथिनने झाकून पाहिल्या, तर त्यांवर नवी त्वचा उघड्या जखमांपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कारण खपली धरली की नव्या पेशींना तिच्याखालून वाट काढावी लागते. ओलाव्यात त्या सरळ सरकतात. या मताला धरून पुढे जखमेवरच्या ओलसर पट्ट्या आल्या आणि त्यातूनच आजच्या मुरमावर चिकटवायच्या टिकल्या. त्या ताऱ्याच्या आकारातही मिळतात. मार्सेलसला हर्षवायू झाला असता.

तेव्हा फोडलाच असेल, तर हात धुवा, जागा सौम्य साबणाने आणि पाण्याने धुवा, टिकली लावा किंवा व्हॅसलिनचा पातळ थर द्या. लिंबू आणि टूथपेस्ट स्वयंपाकघरात व मोरीतच शोभतात. उन्हापासून जपा, कारण आपल्या सावळ्या कातडीवर मुरूम जातो आणि काळा डाग मागे राहतो. आणि खपली धरलीच, तर ती काढू नका. सुश्रुतापासून विंटरपर्यंत औषधे पुष्कळ निघाली. ती खपली काढणाऱ्या नखावर मात्र अजून औषध निघायचे आहे.