जत्रेची तारीख, शाळेची सुट्टी

एप्रिलच्या मध्यावर मराठी मध्यमवर्गीय घरांत एक विशिष्ट प्रकारची खलबते सुरू होतात. भिंतीवरचे 'कालनिर्णय' खाली उतरते. कुणाच्या मुलीची परीक्षा कधी संपते, कुणाची शाळा कधी उघडते, ठाण्याच्या मामेभावाला रजा कोणत्या आठवड्यात मिळेल, नागपूरची मावशी लग्नाच्या तिथीआधी येणार की नंतर, या साऱ्या गुंत्यातून खोपोलीजवळच्या थीम पार्कसाठी सर्वांना सोयीचा एक दिवस शोधायचा असतो. तो दिवस सापडेपर्यंत दोघे-तिघे रुसतात, एकाचे आरक्षण रद्द होते, आणि कुणीतरी वडीलधारे म्हणते, "आमच्या वेळी असलं काही ठरवावं लागत नसे."

हे विधान मला नेहमीच विचार करण्यासारखे वाटत आले आहे. त्यांच्या वेळी खरोखरच ठरवावे लागत नसे का? की ठरवणारे दुसरेच कुणी होते?

जत्रेपासून सुरुवात करू. पाळणे, खेळणी, मिठाई, तमाशाचे फड आणि गर्दीत हरवण्याचा आनंद हे सारे वर्षातून एकदा गावात चालून येत असे, आणि त्याची तारीख देवाची असे. चैत्र पौर्णिमा, सोमवती, चंपाषष्ठी अशा तिथीला गाव बांधलेले असे. मालवणजवळच्या आंगणेवाडीत तर भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस पंचांगातही सापडत नाही. देवीचा कौल घेऊन तो ठरतो आणि जाहीर होतो. मग मुंबईचा चाकरमानी रजेचा अर्ज टाकतो, गाडीचे आरक्षण मिळवण्यासाठी धडपडतो. इथे देवी आधी आणि कचेरी नंतर असा क्रम आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जत्रेला पाहुणे बोलवावे लागत नाहीत. ते येतात, कारण न येणे हाच अपराध असतो. नातेवाईक आणि करमणूक यांचा मेळ घालण्याचा प्रश्नच तिथे उद्भवत नाही, कारण दोन्ही एकाच मांडवाखाली असतात.

इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरणीगावांचा इतिहास या संदर्भात फार बोलका आहे. तेथील 'वेक्स' हा मुळात गावच्या चर्चच्या संताचा उत्सव, म्हणजे आपल्या भाषेत ग्रामदैवताची जत्राच. गिरण्या आल्या, तशी मालकांना या दिवसांची डोकेदुखी झाली, कारण कामगार येतच नसत. अखेर तडजोड अशी निघाली की त्या आठवड्यात गिरणीच बंद ठेवायची. भोंगा थांबला, आणि लोहमार्ग १८४६ मध्येच ब्लॅकपूलच्या समुद्रापर्यंत पोहोचलेला होता. ओल्डहॅम किंवा बर्नलीसारखे गावच्या गाव त्या आठवड्यात ब्लॅकपूलला उतरू लागले. वर्षभर दर आठवड्याला काही पैसे बाजूला टाकणारी, आपल्या भिशीची आठवण करून देणारी मंडळे त्यासाठी निघाली. पगारी रजेचा कायदा तर थेट १९३८ चा. १८९६ मध्ये ब्लॅकपूलला 'प्लेझर बीच' हे करमणूक उद्यान सुरू झाले ते याच गर्दीच्या जोरावर. शेजारी तेच, आत्या-काका तेच, फक्त जागा समुद्राकाठची. जत्रा गाव सोडून गेली, पण गावाला सोबत घेऊन गेली.

मुंबईच्या गिरणगावात प्रवास उलट दिशेने झाला. इथला कामगार करमणुकीसाठी शहराबाहेरच्या समुद्राकडे गेला नाही. तो शिमग्याला, गणपतीला, मे महिन्यात गावी गेला. त्याचे घर दोन ठिकाणी होते आणि सुट्टी म्हणजे दुसऱ्या घरी जाणे. आपल्याकडे 'सुट्टीवर जाणे' आणि 'गावी जाणे' हे शब्दप्रयोग कित्येक वर्षे एकमेकांसाठी वापरले गेले, ते उगीच नव्हे.

शाळेचा प्रवेश या कथेत इथे होतो, आणि तो माझ्या मते सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग आहे. सासुरवाशिणीचे माहेरपण पूर्वी सणांना बांधलेले असे. नागपंचमीला किंवा दिवाळीला भाऊ मुराळी म्हणून येई, तेव्हाच तिची पाठवणी होई. तो कधी येतो याकडे डोळे लावून बसणे हा जात्यावरच्या ओव्यांचा एक मोठा विषय आहे. मुले शाळेत जाऊ लागली आणि हे वेळापत्रक मोडले. श्रावणात शाळा असते, पंचमीला चाचणी परीक्षा असते. मग माहेरपण वार्षिक परीक्षेनंतरच्या सुट्टीत सरकले. निकाल लागला, पिशव्या भरल्या, एस.टी. पकडली. जून उजाडला की परत. मामाचे गाव हे आपण अनादि काळापासूनचे मानतो. ग. दि. माडगूळकरांच्या आगगाडीच्या बालगीताने ते मराठी मनात कायमचे कोरले. पण मे महिन्यातले मामाचे गाव ही बऱ्याच अंशी शाळेने घडवलेली संस्था आहे. मुराळ्याची जागा शाळेच्या घंटेने घेतली. आणि यात स्त्रीचा लाभ होता. सासूला 'नाही' म्हणणे कठीण असे, पण 'मुलांना सुट्टी आहे' या वाक्यापुढे सासूचेही फारसे चालत नसे.

उलट दिशेनेही वाहतूक होतीच. गावचे भाचे-पुतणे मुंबईला येत आणि त्यांना मुंबई दाखवणे हे यजमानाचे कर्तव्य असे. १८६२ पासूनची राणीची बाग, १९५१ चे तारापोरवाला मत्स्यालय, मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट. पुण्याच्या पाहुण्यांसाठी पेशवे पार्क आणि १९५६ पासून तिथे धावणारी 'फुलराणी'. या स्थळांची यादी पाहिली तर एक गोष्ट ध्यानात येते. ती नगरपालिकेची किंवा सरकारची होती आणि प्रवेशशुल्क किरकोळ असे किंवा नसेच. चाळीतल्या दोन खोल्यांत अकरा पाहुणे उतरले तरी बागेत नेताना डोकी मोजावी लागत नसत. मोजली जात ती फक्त कुणी हरवू नये म्हणून.

डोकी मोजण्याचा इतिहास अमेरिकेत घडला. वॉल्ट डिस्ने आपल्या मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमधल्या घोड्यांच्या चक्रावर बसवून स्वतः बाकावर वाट पाहत बसत, आणि आईवडिलांनाही मुलांबरोबर रमता येईल अशी जागा हवी ही कल्पना त्यांना तिथे सुचली, ही हकिकत ते स्वतः सांगत. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे 'डिस्नेलँड' उघडले. महिना अर्थातच शाळेच्या उन्हाळी सुट्टीचा. पहिल्याच दिवशी बनावट निमंत्रणपत्रिकांमुळे सुमारे २८ हजार माणसे घुसली, उन्हाने डांबर मऊ झाले, पिण्याच्या पाण्याचे हाल झाले. त्याच संस्थेने फ्लोरिडातील पुढचे मोठे उद्यान उघडण्यासाठी १ ऑक्टोबर १९७१ हा दिवस निवडला. ऑक्टोबरच का? मुले शाळेत असतात म्हणून. एकदा पोळलेल्यांनी शाळेचे वेळापत्रक किती बारकाईने वाचले होते, हे यावरून दिसते.

परंतु कुटुंबाच्या दृष्टीने मला १९५५ पेक्षा १९८२ हे साल अधिक महत्त्वाचे वाटते. तोवर डिस्नेलँडमध्ये प्रवेशाचे शुल्क वेगळे आणि प्रत्येक पाळण्याचे कूपन वेगळे होते, म्हणजे व्यवस्था तत्त्वतः जत्रेचीच. ज्याला बसायचे त्याने पैसे द्यावेत, आजोबांनी सावलीत बसून नातवाकडे पाहावे. १९८२ मध्ये कूपने गेली आणि एकच तिकीट आले, कितीही वेळा बसा. व्यवहार म्हणून हे सोयीचे, मुलांच्या दृष्टीने तर पर्वणीच. पण बाकावर बसून राहणाऱ्यालाही आता पाळण्याचे पैसे मोजावे लागणार होते. ज्येष्ठांना सवलत वगैरे ठिकठिकाणी देतात, तरी हिशेब बदलला तो बदललाच. नुसते सोबत असणे महाग झाले. आजी येणार की नाही, हा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला तो तिच्या गुडघ्यांमुळे जितका, तितकाच या तिकिटामुळे. २०१६ पासून डिस्नेलँडने गर्दीच्या दिवसांचे दर वेगळे ठेवले, म्हणजे सुट्टीलाही किंमत लागली. सुट्टीतला दिवस महाग आणि शाळेतला दिवस स्वस्त.

देवाने ठरवलेली तारीख नाही, म्हणून ही उद्याने शाळेने ठरवलेल्या तारखेवर जगतात. आणि जगण्याचा प्रश्न आला की माणसे तारीखही बदलू पाहतात. व्हर्जिनिया राज्यात १९८६ मध्ये असा कायदा झाला की सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या कामगार दिनापूर्वी सरकारी शाळांनी, खास परवानगीवाचून, नवे वर्ष सुरू करू नये. कामगार दिनाचा शेवटचा गर्दीचा आठवडा पर्यटन व्यवसायाच्या पदरात पडावा, हा हेतू कुणापासून लपलेला नव्हता. शिवाय पाळण्यांवर हंगामी काम करणारी मुलेही शाळा-कॉलेजांतलीच. रिचमंडच्या उत्तरेकडील एका मोठ्या थीम पार्कच्या नावावरून लोक या कायद्याला 'किंग्ज डोमिनियन कायदा' म्हणू लागले. २०१९ मध्ये तो सैल करून दोन आठवडे आधी शाळा उघडण्याची मुभा दिली गेली. तेहेतीस वर्षे एका राज्यातील शाळेची घंटा पाळण्याच्या तालावर वाजत होती. आंगणेवाडीचा चाकरमानी ही हकिकत ऐकून फारसा चकित होणार नाही. त्याला आधीपासून ठाऊक आहे की तारीख नेहमी कुणातरी बलवत्तराची असते.

भारतात हा सिलसिला उशिरा सुरू झाला. दिल्लीचे 'अप्पू घर' १९८४ मधले, १९८२ च्या आशियाई खेळांच्या हत्तीच्या नावाचे. ते २००८ मध्ये बंद झाले. मुंबईला १९८९ मध्ये गोराईत 'एस्सेलवर्ल्ड' आले आणि १९९८ मध्ये शेजारी 'वॉटर किंगडम'. दूरदर्शनवरच्या जाहिरातीने एस्सेलवर्ल्ड मुंबईच्या आधी जळगाव-सांगलीच्या मुलांपर्यंत पोहोचले. परिणामी सुट्टीतल्या नातेसंबंधांचे पारडे किंचित झुकले. मामा गावाकडे असेल तर भाचे येत. आता आत्या बोरिवलीला असेल तर तिचे महत्त्व एकाएकी वाढले. खाडी ओलांडणारी फेरीबोट हा त्या सहलीचा अर्धा आनंद होता. त्याच खाडीकाठी २००९ मध्ये विपश्यनेचा भव्य पॅगोडा खुला झाला, आणि एकाच बोटीतून अर्धे कुटुंब किंचाळायला, तर उरलेले अर्धे मौन पाळायला जाऊ लागले. २०२२ मध्ये एस्सेलवर्ल्डचे पाळणे थांबले. पॅगोडा उभा आहे.

'इमॅजिका' २०१३ मध्ये खोपोली-पाली रस्त्यावर उघडले. जागा निवडताना महामार्ग आणि मुंबई-पुण्याचे अंतर मोजले गेले असणार. पण अष्टविनायकांपैकी महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर हे दोघेही त्याच टापूत आहेत. त्यामुळे मराठी कुटुंबाने या उद्यानाला जे रूप दिले, ते आराखड्यात असेलच असे नाही. आजी-आजोबांना पालीला सोडायचे, मुलांना पाळण्यात, आणि संध्याकाळी प्रसादाची पुडी व ओले कपडे एकाच गाडीत. शिर्डीत तर 'साई तीर्थ' नावाचे भक्तीचेच थीम पार्क झाले आहे आणि जलक्रीडेचे उद्यानही. जत्रेतून वेगळा निघालेला पाळणा पुन्हा देवाच्या दारात जाऊन उभा राहिला.

मग नियोजन आज इतके अवघड का? कारण सर्वांची म्हणून एक तारीख उरलेली नाही. राज्य मंडळाची शाळा मे महिन्याच्या तोंडावर सुटते आणि जूनच्या मध्यावर उघडते, विदर्भात त्याहून उशिरा. केंद्रीय मंडळाच्या शाळेचे नवे वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालेले असते. दहावीला जाणाऱ्याचा शिकवणी वर्ग उन्हाळ्यातही चालू असतो. एका आजीची चार नातवंडे चार वेळापत्रकांत राहतात. महिनाभर एकत्र राहणे शक्य नसते, तेव्हा एक दिवस तरी एकत्र काढावा म्हणून हे पार्क लागते. थीम पार्कने आजोळ संपवले असे म्हणणारे लेख मी वाचले आहेत. मला वाटते, आजोळ विरळ होत गेले आणि त्या रिकाम्या जागेत पार्क शिरले.

आणि आजोळाबद्दलही थोडे सावधपणे बोलायला हवे. आपल्या साहित्यातले मे महिन्याचे आजोळ हे भाच्याने लिहिलेले आहे. आंबे, विहीर, गच्चीवरची अंथरुणे. सतरा मुलांच्या भाकऱ्या कोण थापत होते, हे त्या स्मरणरंजनात एखाद्या ओळीत येऊन जाते. नणंदेचे माहेरपण म्हणजे भावजयीचा कामाचा हंगाम. तिला स्वतःला माहेरी जायचे असेल तर नणंदा गेल्यावर, म्हणजे शाळा उघडल्यावर, म्हणजे बहुधा नाहीच. तिच्या मे महिन्याविषयी मला फारसे वाचायला मिळालेले नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तेरा जण खोपोलीला गेलो. तारीख ठरायला तीन आठवडे लागले. मामा पालीला जाणार होते. मामी, वय सत्तर, मुलांबरोबर पार्कात येते म्हणाली. गणपती काही पळून जात नाही, असेही म्हणाली. तिच्या तिकिटाचे पैसे वाया जातील, ती कशात बसणार, अशी कुजबूज झाली. ती घोड्यांच्या चक्रात बसली, दोनदा. दुपारी आम्ही सगळे जेवायला एका लांब टेबलाशी बसलो. खरकट्या ताटल्या उचलायला मुलगा आला तशी मामी सवयीने अर्धवट उठली. त्याने तिच्या हातातली ताटली घेतली. मग ती पुन्हा बसली, पदर सारखा केला, आणि आइस्क्रीम मिळते का ते विचारायला तिने मला पाठवले.