अमेरिकेत पोलीस खाती किती? एका चुकीच्या आकड्याची गोष्ट

आजचा प्रश्न एका ओळीचा आहे. अमेरिकेत पोलीस खाती किती आहेत?

तुम्ही म्हणाल, ५० राज्यं, म्हणजे ५० खाती. आपल्या सवयीनं ते बरोबरच आहे. आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय. शिपाई मुंबईतला असो नाहीतर गडचिरोलीतला, दोघंही महाराष्ट्र पोलीस दलाचेच. अमेरिकेत तसं नाही. तिथं गावाचं पोलीस खातं वेगळं, शेजारच्या गावाचं वेगळं. काउंटीचा शेरीफ वेगळा. आपल्या मुंबईत शेरीफ म्हणजे मानाचं पद. तिथं तो बहुतेक ठिकाणी मतं मागून निवडून येतो आणि तुरुंगही चालवतो. शिवाय विद्यापीठांचे पोलीस, मेट्रोचे पोलीस, उद्यानांचे पोलीस. भरती ज्याची त्याची, पगार ज्याचा त्याचा.

मग हे सगळं मोजायचं कुणी?

१९६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गुन्हेगारीवर एक आयोग नेमला. १९६७ मध्ये अहवाल आला आणि त्यात आकडा होता ४०,०००. देशाच्या सर्वोच्च पातळीवरून आलेला आकडा, त्यामुळे तो पुढं बिनधास्त वापरला गेला. आता गंमत बघा. न्याय खात्याच्या सांख्यिकी विभागानं १९९२ पासून दर काही वर्षांनी पोलीस खात्यांची रीतसर गणना सुरू केली. एकेका खात्याला प्रश्नावली पाठवायची आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करायचा. २००८ च्या गणनेत खाती निघाली १७,९८५. म्हणजे ४० हजारांच्या निम्मीसुद्धा नाहीत! मधल्या काळात २२ हजार खाती बंद पडली नव्हती. मुळात तो आकडाच चुकला होता.

पण मला यातली खरी मेख पुढं वाटते. मोजायचं ठरवलं, तरी मोजायचं काय? एखाद्या गावात एकच पोलीस आहे आणि तोही आठवड्यातून दोन दिवस येतो, ते खातं धरायचं का? काही शेरीफ फक्त तुरुंग आणि कोर्टाची कामं बघतात, ते धरायचे का? टेक्सासमध्ये कॉन्स्टेबल हे निवडून येणारं पद आहे आणि त्याचं स्वतंत्र कार्यालय असतं, त्याचं काय? म्हणून गणनेनं एक नियम केला : अटकेचा अधिकार असलेला निदान एक पूर्णवेळ पोलीस, किंवा तेवढंच काम करणारे अर्धवेळ पोलीस हवेत. नियम थोडा सैल केला की आकडा फुगतो, कडक केला की आटतो.

माणसांचंही तेच. २००८ मध्ये या खात्यांत ११ लाखांहून जास्त पूर्णवेळ माणसं होती, पण अटकेचा अधिकार असलेले त्यातले सुमारे ७ लाख ६५ हजार. बाकीचे कंट्रोल रूममध्ये फोन घेणारे, कारकून, तुरुंगातले कर्मचारी. ‘पोलीस किती?’ याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. न्यूयॉर्क शहराकडे त्या वेळी सुमारे ३६ हजार पोलीस होते, तर देशातल्या जवळपास निम्म्या खात्यांत १० पूर्णवेळ पोलीसही नव्हते. गणनेच्या यादीत मात्र दोघांनाही एकेकच ओळ.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे रे, १८ हजार काय नि ४० हजार काय, फरक काय पडतो?

पडतो. ऑगस्ट २०१४ मध्ये मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन गावात मायकल ब्राउन हा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीनं मारला गेला. देशभर प्रश्न उठला : पोलिसांच्या गोळीनं वर्षाला किती माणसं मरतात? सरकारकडे धड उत्तर नव्हतं. एफबीआयला ही माहिती देणं खात्यांच्या मर्जीवर होतं आणि अनेक खाती ती देतच नव्हती. शेवटी २०१५ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या पत्रकारांनी एकेक बातमी शोधून मोजणी केली. वर्षभरात जवळपास एक हजार मृत्यू. एफबीआयच्या नेहमीच्या आकड्याच्या दुपटीहून जास्त! वर्तमानपत्रांची माहिती आपल्यापेक्षा चांगली आहे हे लाजिरवाणं असल्याचं तेव्हाचे एफबीआय प्रमुख जेम्स कोमी यांनीच जाहीरपणे कबूल केलं.

पुढं २०२१ मध्ये एफबीआयनं गुन्ह्यांची आकडेवारी घेण्याची पद्धत बदलली. त्या वर्षी जवळपास ४० टक्के खात्यांनी काहीच पाठवलं नाही. त्यात न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसही होती.

आता शाळेतलं गणित आठवा, अंश आणि छेद. ‘४० टक्के खाती गप्प आहेत’ हे वाक्य बोलायलासुद्धा एकूण खाती किती, हा छेद माहीत असावा लागतो. त्यासाठी आधी खात्यांची यादी लागते. यादीच नसती, तर कोण गप्प बसलंय हे कळलंच नसतं.

म्हणून पुढच्या वेळी ‘अमेरिकेत गुन्हे वाढले’ किंवा ‘घटले’ अशी बातमी फोनवर आली, की फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघा : किती खात्यांनी माहिती दिली होती?

आजच्यापुरतं एवढंच. भेटूया पुढच्या भागात!