उभ्या मोटारीचा विद्युत् घट

मोटार वापराने झिजते, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु तिचा विद्युत् घट, ज्याला व्यवहारात बॅटरी म्हणतात, तो न वापरल्यानेही निकामी होतो, हे सहसा ध्यानी येत नाही. पावसाळाभर पडवीत उभी असलेली मोटार दसऱ्याच्या दिवशी सुरूच होत नाही, ती बहुधा यामुळे.

गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे दोन पत्रे सौम्य गंधकाम्लात ठेवून पुनःपुन्हा भारता येणारा घट सिद्ध केला. तो भारण्यासाठी त्याला दुसरे रासायनिक घटच जोडावे लागत. १८८१ साली कामीय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन घटाची धारणशक्ती वाढविली. पुढे १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला. हँडल मारण्याचे कष्ट टळले, पण मोटार सर्वस्वी घटावर विसंबली.

घटाला एकाच दिशेने वाहणारा प्रवाह लागतो. घरातील विजेचा प्रवाह तर सतत दिशा पालटतो. १९०२ साली पीटर कूपर ह्यूइट यांनी पाऱ्याच्या वाफेचा एकदिशकारक तयार केला. त्यानंतर सेलेनियमचे व सिलिकॉनचे एकदिशकारक आले आणि चार्जर लहान व स्वस्त झाला. घट भारणे सुलभ झाले. थांबावे केव्हा, हा प्रश्न मात्र उरला.

पडून राहिलेला घट आपोआप रिता होतो. त्याच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि मग तो पूर्ववत भार घेत नाही. उलटपक्षी, साधा चार्जर महिनोन्महिने जोडून ठेवला, तर घट भरल्यावरही प्रवाह चालूच राहतो. त्यातील पाण्याचे विघटन होऊन ते आटते, आणि निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने पेट घेतो. म्हणून हे काम मोकळ्या हवेतच करावे.

यास्तव उभ्या मोटारीसाठी चार्जर निवडताना त्याच्या जोरापेक्षा संयम पाहावा. बारा व्होल्टांचा पूर्ण भरलेला घट विश्रांत स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाब दाखवितो. भारताना दाब १४.४ व्होल्टांच्या आसपास नेऊन, घट भरताच तो आपोआप १३.५ च्या सुमारास उतरविणारा चार्जर उत्तम होय. प्रवाह एक-दोन अँपिअर असला तरी पुरे. जुन्या सहा व्होल्टांच्या गाडीस सहा व्होल्टांचाच चार्जर जोडावा आणि लिथियमच्या घटास त्याच्यासाठी बनविलेलाच. घाई ही चालत्या गाडीची गरज असेल. उभ्या गाडीचा घट सावकाश भरावा आणि भरला की त्याला केवळ राखावे.