आधारवरचं भामरागड आणि रजिस्टरातलं खोटं नाव

पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

मागच्या महिन्यात एका कार्यशाळेसाठी मुंबईला जाणं झालं. राहायची सोय आयोजकांनी फोर्टातल्या एका 'बुटीक हॉटेल'मध्ये केली होती. बुटीक साड्यांचं असतं एवढंच मला ठाऊक. हे म्हणजे जुनी इमारत रंगवून, सजवून केलेलं दहा-बारा खोल्यांचं हॉटेल. एका रात्रीचं भाडं ऐकून मी आयोजकांना दोनदा विचारलं, "हे तुम्हीच भरणार ना?"

भामरागडहून एसटीनं आलापल्ली, पुढं नागपूर, मग रात्रभर रेल्वे. अंग आंबून गेलं होतं. काउंटरवर आधार दिलं. तिथलं पोरगं कार्डाकडं पाहतच राहिलं.

"भामरागड... गडचिरोली? नक्षलवाला एरिया ना?"

मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. मग दुसरा प्रश्न. "मॅडम, एकट्याच आहात?"

मॅनेजरला फोन, आयोजकांना फोन, अजून एखादं ओळखपत्र आहे का. पत्रकाराचं कार्ड काढून दिलं तर शंका वाढलीच. पाऊण तास बाकावर बसून होते. माझ्यामागून आलेलं एक जोडपं पाच मिनिटांत किल्ली घेऊन वर गेलं. शेवटी मलाही खोली मिळाली, 'सॉरी मॅडम'सुद्धा मिळालं.

ओळखपत्र मागू नये असं माझं म्हणणं नाही. उतारूंची नोंद ही इंग्रजांपासूनची पद्धत आहे. 1867च्या सराई कायद्यात मॅजिस्ट्रेटनं सांगितलं तर सराईत कोण कोण उतरलं याचा अहवाल देणं सराईवाल्याला बंधनकारक होतं. नोंद करा ना. पण गावाचं नाव वाचून माणूस ताडायचा, हे नोंदीत बसत नाही.

खोली देखणी होती. कोपऱ्यात शोभेचा कंदील, आत विजेचा दिवा. पर्लकोटेला पूर येऊन रस्ता बंद झाला आणि लाइन गेली की आपल्याकडं खरा कंदील निघतो. इथं तो सजावटीला. त्या कंदिलाकडं पाहता पाहता मला बडोद्याचा कंदील आठवला आणि झोप गेली.

1917 साल. बाबासाहेब आंबेडकर अमेरिका आणि लंडनहून परत आले होते. गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकले होते आणि करारानुसार बडोदा संस्थानात नोकरी करायची होती. स्टेशनावर उतरले तेव्हा पहिला प्रश्न हाच, राहायचं कुठं? हिंदू हॉटेलात जात विचारणार. ओळखीच्यांच्या घरी जावं तर त्यांची अडचण व्हायची. मग कळलं की एक पारशी धर्मशाळा आहे. पारशांत शिवाशीव नसते, म्हणून तिथं गेले.

धर्मशाळा फक्त पारशांसाठी होती. पण उतारू येत नव्हते आणि रखवालदाराला चार पैसे हवे होते. तोड निघाली. रजिस्टरात पारशी नाव लिहायचं, दिवसाला दीड रुपया, राहणं-जेवण त्यातच. परदेशातून शिकून आलेल्या माणसाला छत मिळवायला खोट्या नावाची सही करावी लागली.

पुढचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, शेजारी न्हाणी. बाकीचा सगळा मजला म्हणजे मोडक्या फळ्या, बाकं, खुर्च्या यांनी भरलेला अंधारा हॉल. तिथं ते एकटेच. रात्री रखवालदार एक लहान कंदील आणून ठेवायचा, त्याचा उजेड कितीसा पडणार! दिवस ऑफिसात जायचा, रात्र पुस्तकांत.

अकराव्या दिवशी सकाळी ते लायब्ररीची पुस्तकं परत करायला निघाले होते. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. डझनभर पारशी, हातात काठ्या. कोण आहेस, पारशी नाव घेऊन धर्मशाळा का बाटवलीस? त्यांनी आठवडाभराची मुदत मागितली, मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत खोली सोड, एवढंच. दोन मित्रांकडं विचारून पाहिलं. एक हिंदू. तो म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिश्चन, मूळचं घराणं ब्राह्मणाचं. त्याला आधी बायकोला विचारायचं होतं. शेवटी सामान घेऊन कामाठी बागेत बसले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. आज तीच सयाजीबाग, तिथं संकल्प भूमी म्हणून जागा जपली आहे. अठरा वर्षांनी लिहितानाही डोळ्यांत पाणी येतं, असं ते नमूद करतात.

माझी पाऊण तासाची बैठक त्याच्या शेजारी मांडायची नाही. लाज वाटेल. पण दार कुणाला उघडायचं हे ठरवायची सवय किती जुनी आहे, ते मला त्या रात्री कळलं.

सकाळी काळा घोड्याला चालत गेले. वॉटसन हॉटेलची इमारत तिथंच आहे. लोखंडी सांगाडा इंग्लंडातून आणून उभारलेला, 7 जुलै 1896ला लुमिए बंधूंचे चलचित्रपट इथंच दाखवले. हॉटेल मात्र फक्त गोऱ्यांसाठी. तिथून जमशेटजी टाटांना परत पाठवलं म्हणून त्यांनी ताज बांधलं, असं आपण शाळेपासून ऐकतो. ती दंतकथाच असावी, पण लोकांना ती इतकी पटते यातही काहीतरी आहेच. पुढं क्रॉफर्ड मार्केटजवळ सरदारगृह. पुण्याहून आले की लोकमान्य टिळक तिथं उतरायचे आणि 1 ऑगस्ट 1920ला गेलेही तिथंच. म्हणजे बडोद्याच्या त्या रात्रीनंतर तीन वर्षांनी.

आणि संविधानाचं कलम 15 काढून वाचा. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत प्रवेश द्यायला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्यावरून कुणाला अडवता येत नाही. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते हे सांगायला नको. काउंटरवर मला दोनच प्रश्न विचारले गेले. एक जन्मस्थानाचा, एक बाईपणाचा. दोन्ही त्या यादीत आहेत.

आता आपल्याकडचंही खरं सांगते. माडिया गावात पाहुणा गेला तर त्याची सोय गोटुलात होते. मीही वार्तांकनाला गेल्यावर कितीदा कुणाच्या घरी मुक्काम केलाय. कागद कुणी मागितला नाही. 'किती देवाचे?' हे विचारतात, नाही असं नाही. पण ते नातं लावायला, दार लावायला नव्हे.

ही पोस्ट लिहायचं कारण आपली पोरं. स्पर्धा परीक्षेसाठी, नर्सिंगसाठी नागपूर-पुण्याला जातात आणि खोली शोधताना गाव 'चंद्रपूर' सांगतात. माझ्या ओळखीच्या तिघी तरी तसंच सांगतात. एकीनं मला आधीच बजावलं होतं, "ताई, भामरागड सांगू नका, उगा चौकश्या होतात." आधारवर होतं म्हणून मला लपवता आलं नाही, एवढंच.

कुणाला असा अनुभव आला असेल तर लिहा. शहर, वर्ष आणि काय विचारलं तेवढं पुरे. हॉटेलचं, घरमालकाचं नाव नको. स्वतःचं द्यायचं नसेल तर मला मेसेज करा, मी जपून ठेवते.