शेवटची बस आणि पंधराशे मीटर

आमच्या घरच्या जुन्या ट्रंकेत एक कप आहे. चांदीचा म्हणून मिळालेला, पण आता मुलामा जाऊन पितळ वर आलेले. माझ्या थोरल्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, तो १९६८ साली कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत पंधराशे मीटर धावण्याबद्दल मिळाला. दादा पुढे बीए झाला, पण पुन्हा शर्यतीत उतरला नाही. का, ते सांगायचे तर पेडणे-डिचोलीच्या पोरांची अख्खी कॉलेजयात्राच सांगावी लागेल.

मुक्तीपूर्वी गोव्यात कला-विज्ञानाचे कॉलेजच नव्हते. पणजीत १८४२ ची वैद्यकीय शाळा होती आणि पोर्तुगीज शिकलेल्यांसाठी लिसेव. आमच्या नव्या काबिजादीतल्या तालुक्यांत घरोघरी मराठी चाले, त्यामुळे ऐपतीचे लोक मुलांना बेळगाव, धारवाड, कोल्हापूर किंवा मुंबईला धाडत. बाकीच्यांचे शिक्षण बांधावर संपे. १९६२ मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले कॉलेज निघाले, पुढच्या वर्षी म्हापशाला सेंट झेवियर्स, आणि शेतकऱ्याचा मुलगाही 'कॉलेजात जातो' असे सांगू लागला. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर मूळ पेडण्याचे, याचाही आमच्याकडे कोण अभिमान!

कॉलेज निघाले, पण तिथे पोचायचे कसे? डिसेंबर १९६१ मध्ये माघार घेताना पोर्तुगीज सैन्याने डिचोली, अस्नोडा आणि शापोरा नदीवरचे पूल उडवले होते. पणजीच्या मांडवीवर तर पूलच नव्हता, तो आला १९७० मध्ये. म्हापशाचे कॉलेज जवळ असताना दादाने पणजी का धरली, ते त्यालाच ठाऊक. पहाटे घर सोडायचे, म्हापशाला बस बदलायची, बेतीला फेरीत उभे राहायचे. डबा बहुधा फेरीतच संपे. मराठी शाळेतून आलेल्या पोराला इंग्रजीतले व्याख्यान पहिले वर्षभर डोक्यावरून जाई, ते वेगळेच.

मैदानावर मात्र भाषा लागत नाही. दादाचा खरा ट्रॅक म्हणजे मोप्याचा सडा. जांभ्या दगडावर अनवाणी, गुरांच्या मागे धावून पाय तयार झालेले. बूट घातलेल्या पणजीकर मुलांना त्याने पहिल्याच वर्षी मागे टाकले. तेव्हा आपली कॉलेजे मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती (गोवा विद्यापीठ झाले १९८५ मध्ये), म्हणून पुढची पायरी मुंबईची. दादाचे नाव त्या यादीत लागले.

अट एवढीच, की संध्याकाळी सरावाला थांबायचे. सराव सुरू व्हायचा पाचला, आणि म्हापशाहून आमच्या बाजूची शेवटची बस सहाला सुटायची. मध्ये नदी! दोन रात्री दादा म्हापशाच्या बाजारात एका ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर झोपला. तिसऱ्या दिवशी आमचे थोरले काका म्हणाले, "धावून पोट भरता काय? कापणी आसा." दादा गेला नाही. त्याच्या जागी दुसरा कोणी मुंबईला गेला.

मला काकांचा राग येत नाही. वसतिगृहात ठेवण्याइतके पैसे घरात नव्हते. मुलींचे तर विचारूच नका. सहाची बस चुकेल या एका भीतीने आमच्या वाड्यावरच्या किती मुली शाळेपुरत्याच राहिल्या! म्हणून १९७८-७९ मध्ये विद्यार्थी अर्ध्या तिकिटासाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा शहरातल्या काहींना ते पोरखेळ वाटले तरी आमच्याकडे तो जिव्हाळ्याचा प्रश्न होता. सवलत मिळाली, १९८० मध्ये कदंब महामंडळ आले. पुढे साखळीला आणि पेडण्यालाही सरकारी कॉलेजे झाली. पण तोवर एका पिढीचे धावण्याचे वय सरले होते.

बांबोळीला आता सिंथेटिक ट्रॅक आहे. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा गोव्यात भरल्या, तेव्हा दादाला म्हटले, चल, बघून येऊ. तो म्हणाला, "गुडघे दुखतात."

मोप्याच्या सड्यावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरतात. परवा पाहुण्यांना सोडायला दादाला घेऊन गेलो होतो. काचेतून धावपट्टी दिसत होती. बराच वेळ बघून तो म्हणाला, "तिथे कुठेतरी मला एकदा फुरसे आडवे आले होते. उडी मारली म्हणून वाचलो."